गुडघ्यातील सुई आणि दुखण्याची भाषा

बंगळूरच्या पूर्वेस, जुन्या मद्रास रस्त्यावर कृष्णराजपुरम् नावाची वस्ती आहे. आज सर्वजण तिला के. आर. पुरम म्हणतात. एकेकाळचे हे रेल्वेस्थानकाचे गाव. १९४८ साली शेजारी टेलिफोनचा सरकारी कारखाना निघाला, त्याची वसाहत दूरवाणीनगर म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि २०२३ पासून मेट्रोही येथून धावते. येथील एखाद्या रुग्णालयात तासभर बसून राहिले, तर कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी आणि अधूनमधून मराठीही कानावर पडते. शहाजीराजांच्या बंगळूरच्या दरबाराशी निगडित असलेल्या जयराम पिंड्ये याने आपल्या ‘राधामाधवविलासचंपू’त अनेक भाषा एकत्र नांदवल्या, आणि राजवाड्यांनी १९२२ साली तो ग्रंथ प्रकाशात आणल्यापासून आपण अभ्यासक मंडळी त्या बहुभाषिकतेचे कौतुक करीत आलो आहोत. परंतु कौतुकाचा हा विषय स्वतःच्या देहावर येऊन ठेपला म्हणजे त्याचे स्वरूप निराळेच भासते. प्रस्तुत लेखकाला तो अनुभव गेल्या पावसाळ्यात आला.

उजव्या गुडघ्यातील गादी फाटल्यामुळे तेथील एका रुग्णालयात माझ्यावर दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली. भूल उतरत असताना परिचारिकेने विचारले, “मंडी नोवु इदेया?” ‘नोवु’ म्हणजे दुखणे, एवढे मला ठाऊक होते. मी अर्धवट हिंदीत, अर्धवट मराठीत सांगितले, “हां सिस्टर, मांडी बहुत दुखतेय.” शून्यापासून दहापर्यंत किती, असे तिने विचारले; मी सात म्हणालो. तिने नोंद केली आणि अधिक तीव्र वेदनाशामक काढून ठेवले. भूलतज्ज्ञ आले, त्यांनी नोंद वाचली आणि जरा आश्चर्याने म्हणाले, “गुडघ्यात तर मी आत्ताच औषध सोडले आहे. कुठे दुखते, तिथे हात ठेवा पाहू.” मी हात गुडघ्याच्या बराच वर, मांडीवर ठेवला. ते हसले. कन्नडमध्ये ‘मंडी’ म्हणजे गुडघा. माझी मांडी दुखत होती आणि कागदावर गुडघा दुखत होता.

हा प्रसंग केवळ विनोदी असता तर लेखाला विषय झाला नसता. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तप्रवाह थांबवण्यासाठी मांडीभोवती हवेचा पट्टा आवळलेला असतो. त्याखालचे स्नायू चेंगरतात आणि मागाहून बराच काळ दुखतात. गुडघ्यात सोडलेल्या औषधाचा या दुखण्यावर काहीही परिणाम होत नाही. तेव्हा ‘मंडी, सात’ ही नोंद वाचणारा वैद्य एकच निष्कर्ष काढणार: गुडघ्यातील सुई निष्फळ ठरली. एका स्वराच्या ऱ्हस्वदीर्घाने औषधाचा निकाल लागला असता. पुढे वाचन करताना माझ्या लक्षात आले की, गुडघ्यातील सुईसंबंधीचे सारे शास्त्रच या अर्थाने रुग्णाच्या शब्दावर उभे आहे, आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ते डळमळले आहे तेही बऱ्याच अंशी याच कारणाने.

प्रथम शस्त्रक्रियेविषयी थोडक्यात. मराठीत आपण ‘दुर्बिणीची शस्त्रक्रिया’ म्हणतो. वस्तुतः यातील दुर्बीण दूरचे दाखवीत नाही, जवळचे परंतु झाकलेले दाखवते. तरीही शब्द रूढ झाला आहे आणि बदलण्याचे कारण नाही. तोक्यो येथील केंजी ताकागी यांनी १९१८ साली मूत्राशय तपासण्याची नळी मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली, हा या विद्येचा आरंभ. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी उपकरण कामाला येण्याजोगे केले आणि १९६२ साली फाटलेल्या गादीचा तुकडा दुर्बिणीतून काढला. पुढे रॉबर्ट जॅक्सन यांनी तोक्योत ही विद्या शिकून ती टोरांटोला नेली, आणि तेथून ती सर्वत्र पसरली. आता वाटीच्या दोन्ही अंगांना पाऊण-एक सेंटिमीटरची दोन छिद्रे पुरतात. रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. छिद्रे लहान, म्हणून दुखणेही लहान, असा समज मात्र चुकीचा आहे. कातडीवर दोन टाके दिसत असले तरी आत खरवडणे, कापणे, धुणे झालेले असते, आणि पहिले एक-दोन दिवस गुडघा त्याची जाणीव करून देतो. रुग्णाला त्याच दिवशी घरी पाठवायचे असल्यामुळेच शस्त्रक्रिया संपताना सांध्याच्या पोकळीतच औषध सोडून ठेवण्याची पद्धत रूढ झाली.

आता मुख्य प्रश्न असा की, गुडघ्यात नेमके दुखते काय? याचे उत्तर देण्यासाठी एका वैद्याने जे केले त्याला वैद्यकाच्या इतिहासात फारशी तोड नसेल. सॅन फ्रान्सिस्को येथील अस्थिशल्यविशारद स्कॉट डाय यांनी आपल्या स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांत सहकाऱ्याकडून दुर्बीण घालून घेतली. कातडीवरील छिद्रांपुरती जागा बधिर केली होती. सांध्याच्या आत मात्र भुलीचे औषध मुळीच घेतले नाही. सहकारी आतील एकेका भागाला सळईने स्पर्श करीत होता आणि डाय जागेपणी सांगत होते: किती दुखले, आणि नेमके कोठे दुखले. तीव्रतेसाठी शून्य ते चार अशी श्रेणी होती आणि जागेचे भान अचूक आहे की अंधुक, यासाठी दोन अक्षरे. हा निबंध १९९८ साली प्रसिद्ध झाला. वाटीच्या मागची कूर्चा, म्हणजे हाडावरचे गुळगुळीत आच्छादन, स्पर्शाला शून्य निघाली. सांध्याचे आतले अस्तर, बाहेरचे वेष्टन आणि वाटीखालचा चरबीचा गोळा यांना नुसता स्पर्श होताच तीव्र वेदना झाली, आणि ती कोठे झाली हे डायना बोट ठेवून सांगता आले. फाटली म्हणून आपण जिच्यावर शस्त्रक्रिया करवतो ती गादी आतल्या काठाला जवळजवळ मुकी, बाहेरच्या काठाला बोलकी. सांध्याच्या मधोमध असणाऱ्या बंधांना धक्का लागला तर काहीतरी दुखले एवढे कळे, कोठे ते नीट कळत नसे.

साहित्याच्या अभ्यासकाने हा निबंध अवश्य वाचावा असे मला वाटते. येथे निवेदक आणि निवेदनाचा विषय एकच आहे. तो स्वतःच्या देहात हिंडणाऱ्या सळईचे प्रवासवर्णन करतो आहे, आणि ते करताना त्याने विशेषणे टाकून अंक व अक्षर एवढेच हाती ठेवले आहे. आत्मचरित्राचा इतका आवळलेला नमुना मला ठाऊक नाही. शिवाय सुश्रुताने शारीरस्थानात जानु हे सांध्याचे मर्म मानले आणि त्याच्या आघाताने माणूस लंगडा होतो असे सांगितले; तेथे मर्माचे ज्ञान आघाताच्या परिणामावरून आले आहे, येथे ते जाणिवेवरून आले. दोन्ही नकाशेच, एक बाहेरून काढलेला, दुसरा आतून.

डायच्या नकाशावरून सुईचे प्रयोजन स्पष्ट होते. जे भाग बोलके आहेत ते सांध्याच्या पोकळीला आतून मढवणारे आहेत. म्हणून पोकळीत औषध भरले की ते थेट त्यांच्यावर पसरते. बहुतेक ठिकाणी हे औषध म्हणजे बुपिव्हाकेन, किंवा त्याच कुळातील रोपिव्हाकेन. बुपिव्हाकेन १९५७ साली स्वीडनमध्ये तयार झाले. मज्जातंतूच्या आवरणातून सोडियमचे कण आत शिरण्याची जी दारे असतात ती ही औषधे काही काळ बंद करतात. कण शिरत नाहीत, संदेश पुढे जात नाही. वेदना उत्पन्न होण्याचे कारण जागेवरच राहते. तिची वार्ता तेवढी अडते. पाव टक्का तीव्रतेचे वीस मिलिलिटर द्रावण, म्हणजे पन्नास मिलिग्रॅम औषध, हे नेहमीच्या वापरातले प्रमाण. रुग्णाचे वजन पाहून वैद्य ते ठरवतात, कारण ते रक्तात अधिक गेले तर मेंदूला आणि हृदयाला धोका असतो. परिणाम काही तास टिकतो. त्यापुढे नाही.

येथेच एक गोष्ट अशी आहे की जिने मला शास्त्रापेक्षा शोकांतिकेची आठवण करून दिली. गुडघ्यात न दुखणारी अशी एकच मोठी वस्तू आहे: कूर्चा. तिला मज्जातंतू नाहीत. ज्या औषधाने बाकीच्यांना गप्प करायचे ते औषध या आधीच मुक्या असलेल्या कूर्चेच्या पेशींना मारक ठरू शकते, असे २००६ साली पिट्सबर्गच्या प्रयोगशाळेत बैलाच्या कूर्चेवर केलेल्या प्रयोगांत दिसून आले. औषध जितके तीव्र आणि जितका वेळ लागलेले, तितकी हानी अधिक. त्या सुमारास अमेरिकेत सांध्यात बारीक नळी ठेवून दोन-दोन, तीन-तीन दिवस औषध थेंबथेंब सोडत राहण्याची पद्धत लोकप्रिय झाली होती. २००९ च्या नोव्हेंबरात तेथील औषध प्रशासनाने सावधगिरीची सूचना काढली: अशा सतत सोडलेल्या औषधानंतर कूर्चा झिजून नाहीशी झाल्याच्या पस्तीस घटना त्यांच्यापुढे आल्या होत्या. त्यातील जवळजवळ सर्व खांद्याच्या होत्या, आणि रुग्णांत तरुणही होते. कूर्चेने तक्रार केली नाही, कारण तिला तक्रार करताच येत नाही. काही महिन्यांनी सांधा आखडला आणि हाडावर हाड घासू लागले तेव्हा ते उघडकीस आले. शस्त्रक्रियेच्या शेवटी एकदाच दिलेल्या सुईची गोष्ट वेगळी आहे. तिने माणसाच्या गुडघ्यात अशी हानी होते असे स्पष्टपणे सिद्ध झालेले नाही. तरीही त्यानंतर पुष्कळ वैद्य कमी तीव्रतेचे द्रावण घेतात, कूर्चेला कमी त्रासदायक समजले जाणारे रोपिव्हाकेन पसंत करतात, किंवा सांध्यात काहीच न सोडता छिद्रांच्या भोवती अथवा मांडीतून उतरणाऱ्या मज्जातंतूभोवती औषध देतात. रुग्णाने ‘मला कोणते आणि किती?’ असे विचारावे. तो त्याचा अधिकार आहे. मी विचारले नव्हते.

मी आणखी एक चूक केली. संध्याकाळी घरी आलो तेव्हा गुडघा माझा नाहीच असे वाटत होते. कागदावर गोळ्यांच्या वेळा लिहिलेल्या होत्या. दुखत नसताना गोळी कशाला, असा सुज्ञ विचार करून मी त्या घेतल्या नाहीत आणि पुस्तक वाचत पडलो. रात्री एकच्या सुमारास सुईचा अंमल संपला. तो हळूहळू ओसरला असावा, पण झोपेत ते मला कळले नाही; जाग आली ती एकदम पूर्ण वाढलेल्या ठणक्याने. मग गोळी घेतली, तिचा परिणाम व्हायला तासभर लागला, आणि तो तास फार लांबला. सुईने बधिरता असते तोपर्यंतच साध्या वेदनाशामक गोळ्या सुरू करायच्या असतात, म्हणजे सुईचा हात सुटण्यापूर्वी गोळीने हात धरलेला असतो. पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी, आणि मूत्रपिंड, जठर व हृदय धड असेल आणि वैद्याने सांगितले असेल तर सूज कमी करणारी दुसरी गोळी. त्याबरोबर कापडात गुंडाळलेला बर्फ आणि उशांवर उंच ठेवलेला पाय. हे सर्व मला सांगितले होते, लिहूनही दिले होते. लिहिलेले न वाचण्याचा दोष भाषेच्या प्राध्यापकाकडे यावा, हे बरे दिसत नाही, पण झाले तसे झाले. बधिर पायावर भार टाकून चालू लागणे हीही याच जातीची चूक. ती सुदैवाने माझ्याकडून झाली नाही.

आता ज्या औषधाविषयी सर्वाधिक वाद झाला त्याकडे वळू. अफूपासून मिळणारे मॉर्फीन मेंदूत आणि मज्जारज्जूत काम करते असा पूर्वीचा समज होता. १९७३ मध्ये त्याचे ग्राहक मेंदूत सापडले तेव्हा तो दृढच झाला. पुढे असे दिसले की हे ग्राहक मज्जातंतूंच्या टोकांवरही असतात आणि जागा सुजली म्हणजे अधिक तत्पर होतात. १९९१ मध्ये ख्रिस्टोफ स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्बिणीची शस्त्रक्रिया झालेल्या ५२ रुग्णांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना एक मिलिग्रॅम मॉर्फीन गुडघ्यात दिले, काहींना तेवढेच शिरेतून. गुडघ्यात दिलेल्यांना काही तासांनंतर स्पष्टपणे कमी दुखले. आणि मॉर्फीनचा परिणाम रद्द करणारे नॅलोक्सोन त्याच सुईत मिसळले तेव्हा हा लाभ नाहीसा झाला. एक मिलिग्रॅम ही मात्रा इतकी लहान की शिरेतून तिचा फारसा उपयोग होऊ नये. म्हणजे औषध गुडघ्यातच काम करते, असा अर्थ निघाला. युक्तिवाद सुंदर होता. नॅलोक्सोनचा पुरावा तर एखाद्या पाठचिकित्सकाने एकाच शब्दावरून हस्तलिखिताची शाखा ओळखावी तसा होता. जगभर गुडघ्यांत मॉर्फीन जाऊ लागले.

पुढील काही वर्षांत शेकडो रुग्णांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष एकमेकांशी जुळेनात. कोणाला लाभ दिसे, कोणाला दिसत नसे. ऑस्लो येथील लाइव्ह आर्ने रॉसेलांड यांनी त्यात एक साधा दोष दाखवला. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ रुग्णांना मुळात फार दुखतच नाही. ज्याला दुखतच नाही त्याच्या दुखण्यावर औषध चालले की नाही, हे कसे ठरवणार? म्हणून त्यांनी गुडघ्यात बारीक नळी ठेवली, ज्यांना जागे झाल्यावर खरोखर मध्यम किंवा तीव्र वेदना झाली त्यांनाच निवडले, आणि काहींना मॉर्फीन, तर काहींना नुसते सलाइन, म्हणजे मिठाचे पाणी दिले. रुग्णाला ठाऊक नाही आणि मोजणाऱ्यालाही ठाऊक नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा की दोन्ही गटांना चांगलाच आराम पडला. मिठाच्या पाण्यानेही! २००५ च्या त्यांच्या समीक्षेचा निष्कर्ष होता की गुडघ्यातील मॉर्फीनचा पुरावा टिकत नाही. २०१६ च्या कॉक्रन समीक्षेत अशा अनेक प्रयोगांची छाननी झाली. ते बहुतांशी लहान आणि सदोष आढळले, आणि एक मिलिग्रॅम मॉर्फीन नुसत्या सलाइनपेक्षा सरस असल्याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. सरस नाहीच, असे सिद्ध झाले असा याचा अर्थ नव्हे. स्टाइन यांचे ग्राहक खरे आहेत. रुग्णाला त्यांचा उपयोग किती, हा प्रश्न शिल्लक आहे.

या वाङ्मयात प्रक्षेपही झाले आहेत. मॅसेच्युसेट्समधील भूलतज्ज्ञ स्कॉट रुबेन यांच्या शस्त्रक्रियोत्तर वेदनेवरील एकवीस निबंधांतील माहिती बनावट होती, हे २००९ साली उघड झाले. त्यांना पुढे कारावास झाला. अस्थिशस्त्रक्रियेनंतरच्या वेदनोपचारांवर त्यांच्या लेखनाचा मोठा प्रभाव होता. ज्यांना संतवाङ्मयातील प्रक्षिप्त रचनांशी झुंजावे लागते, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही: नंतरच्या समीक्षकांना प्रथम संहिता शुद्ध करावी लागते आणि मगच अर्थ.

स्टेरॉइडचा उल्लेख केला नाही तर विषय अपुरा राहील. ते सूज उतरवते आणि दुखणे कमी करते यात शंका नाही. परंतु शस्त्रक्रियेच्याच वेळी सांध्यात सोडल्यास जंतुसंसर्गाचे प्रमाण वाढल्याचे अलीकडील मोठ्या नोंदींत आढळले आहे, त्यामुळे अनेक शल्यविशारद त्यापासून दूर राहतात.

मिठाच्या पाण्याने आराम का पडावा? काही अंशी, पाण्याने सांध्यातील दाहकारक द्रव्ये विरळ होत असतील. काही अंशी, पहिल्या तासातले दुखणे तसेही ओसरते. पण एक अंश असा उरतो की कोणीतरी आपल्या दुखण्याकडे पाहिले आणि काही दिले, एवढ्यानेच दुखणे कमी होते. आणि हे सुईपुरतेच नाही. झिजलेल्या गुडघ्यांवर १९९० च्या दशकात ह्यूस्टन येथे केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही रुग्णांना खरी दुर्बिणीची शस्त्रक्रिया दिली, काहींना फक्त कातडीवर छेद देऊन टाके घातले. दोन्ही गटांचे दुखणे पुढे सारखेच राहिले. फिनलंडमध्ये २०१३ साली फाटलेल्या गादीबाबतही असेच दिसले. म्हणजे चाळिशीपुढील माणसाला गुडघ्यात सुई कोणती द्यावी, या प्रश्नाच्या आधी शस्त्रक्रिया लागते का, हा प्रश्न आहे. माझ्या बाबतीत फाटलेला तुकडा सांध्यात अडकून गुडघा सरळच होत नव्हता, म्हणून तो काढावा लागला.

या साऱ्या प्रयोगांत मोजलेले काय होते? शेवटी रुग्णाने सांगितलेले. १९७४ साली हस्किसन यांनी पुरस्कारलेल्या पद्धतीत दहा सेंटिमीटरची एक रेघ असते. एका टोकाला दुखणे नाही, दुसऱ्या टोकाला कल्पनेतले पराकोटीचे, आणि रुग्णाने त्यावर खूण करायची. रेघेला भाषा लागत नाही, हा तिचा गुण मानला जातो. परंतु माझ्या ‘सात’ने दाखवले की रेघेआधी एक नाम लागते: कशाचे सात? १९७५ मध्ये मेल्झॅक यांनी माँट्रियलमध्ये दुसरा मार्ग धरला. रुग्ण वापरतात ते शब्दच गोळा करून ७८ शब्दांचे वीस गट पाडले आणि रुग्णाला त्यातून निवडायला सांगितले. काही शब्द संवेदनेचे, काही भावनेचे, काही मूल्यमापनाचे. वैद्यकाने कोशकाराचे काम केल्याचे हे उत्तम उदाहरण. पण त्या गटांचे शब्दशः भाषांतर केले तर ते फोल ठरते, कारण प्रत्येक भाषा दुखण्याचे प्रांत निराळे पाडते.

मराठीने ते फार बारकाईने पाडले आहेत. मोल्सवर्थने १८५७ च्या कोशात कळ, ठणका, चमक, तिडीक यांना वेगवेगळे स्थान दिले ते उगाच नव्हे. समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकातील सहाव्या समासात आध्यात्मिक तापाचे निरूपण करताना देहाच्या व्याधींची जी लांबलचक यादी दिली आहे ती वाचताना या शब्दसंपत्तीचा अंदाज येतो. आपल्याकडे ठणका हा नाडीच्या ठोक्याबरोबर वाढतो आणि स्थिर जागी असतो. सुजलेला, रक्त साठलेला गुडघा ठणकतो. चमक हलताना येते आणि जाते. ती सांध्यात काही अडकल्याची सूचना असू शकते. कळ एका जागी निघून दुसरीकडे पोचते. रग ही स्नायूंची असते, वापराने किंवा दाबाने आलेली, आणि चोळल्याने बरी वाटणारी. पट्ट्याखालच्या माझ्या मांडीला खरोखर रग लागली होती. आग आणि मुंग्या मज्जातंतूकडे बोट दाखवतात. आवळल्यासारखे, ताटल्यासारखे वाटणे म्हणजे आत पाणी किंवा रक्त भरले असावे. यांपैकी एकही शब्द निदान नव्हे, हे सांगायला नको. परंतु ‘सात’ या अंकात यातले काहीच नाही. मी ‘सात’च्या जागी ‘वरच्या अंगाला रग लागली आहे’ असे म्हटले असते आणि समोरच्याला ते समजले असते, तर ते तीव्र औषध बाहेर निघालेच नसते.

व्याकरणही येथे काही सांगते. मराठीत ‘गुडघा दुखतो’ असे म्हणताना गुडघा कर्ता असतो. कळ मारते, ठणका लागतो, मुंग्या येतात, तेव्हा दुखणेच कर्ता होते आणि माणूस ‘मला’ म्हणून चतुर्थीत सरकतो. सुईच्या अंमलात मात्र वाक्याला कर्ताच उरत नाही. घरच्यांनी विचारले, कसे वाटते? मला ‘काही वाटत नाही’ याखेरीज काही सुचले नाही, आणि ते सर्वांनी शुभवार्ता म्हणून घेतले.

पायाच्या अवयवांची नावे तर नीट जुळवून घेतली पाहिजेत. मराठी मांडी, कन्नड मंडी, मराठी गुडघा, हिंदी घुटना, तेलुगूत मोकालु. आणि गुडघ्याखाली मागच्या बाजूला आपली पोटरी, कन्नडमध्ये मीनखंड. या शेवटच्या शब्दाला सर्वांत अधिक किंमत आहे. मांडी दुखली तर बहुधा पट्टा. गुडघा दुखला तर शस्त्रक्रिया. पण शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत पोटरी दुखू लागली, सुजली, दाबल्यावर कळवळली, तर शिरेत रक्ताची गाठ झाल्याची शंका घेऊन त्याच दिवशी वैद्याकडे गेले पाहिजे. त्याबरोबर धाप लागली किंवा छातीत दुखले तर क्षणाचाही विलंब नको. तसेच दुखणे उतरणीला लागल्यावर पुन्हा वाढले, ताप आला, गुडघा गरम झाला किंवा छिद्रातून पू आला, तर वाट पाहू नये. येथे ‘पाय दुखतो’ एवढे म्हणून भागत नाही. मराठीत आणि कन्नडमध्येही पाय हा शब्द कमरेपासून बोटांपर्यंत कोठेही बसतो.

दहाव्या दिवशी टाके काढायला गेलो. तीच परिचारिका होती. तिने कागद काढला, पेन हातात घेतले, आणि या वेळी काही न विचारता खुणेनेच सुचवले की हात ठेवा. मी गुडघ्याच्या वाटीखाली, उजव्या छिद्राच्या बाजूला बोट ठेवले. तिने “मंडी” म्हटले, मी “गुडघा” म्हटले, आणि तिने शेजारी लिहिले: दोन.